दोन याद्या, एक शेजार

७ मे २०२५ या दिवसासाठी केंद्र सरकारने युद्धकालीन नागरी बचावाचा सराव जाहीर केला, तेव्हा महाराष्ट्रातील सोळा ठिकाणांची तीन वर्गांत वाटणी केलेली यादी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्गात मुंबई, उरण आणि तारापूर ही नावे होती. तिसऱ्या वर्गात औरंगाबाद, रत्नागिरी यांच्या जोडीला भुसावळ होते. नशिराबादला महामार्गावर भुसावळची गाडी धरण्यासाठी रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या यादीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. भुसावळ तेथून वीस किलोमीटरच्याही आत आहे. तेथे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, आयुध निर्माणी आहे. पलीकडे वरणगावला काडतुसे तयार करणारी दुसरी निर्माणी आहे. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. शत्रूच्या नकाशावर ज्या खुणा केल्या जातात त्यांतील तीन-चार खुणा या एका टापूत एकवटल्या आहेत. युद्ध सीमेवर होते आणि सीमा फार दूर आहे, ही खानदेशची जुनी समजूत त्या यादीने खोटी ठरवली.

परंतु १० मे रोजी गोळीबार थांबला, बागायती कपाशीच्या लागवडीची घाई सुरू झाली, आणि हा विषय चौकातून उठला तो उठलाच. राजकीय पक्षांच्या सभांतून तो पुन्हा आला, पण केवळ विजयाच्या घोषणेच्या रूपाने. ज्या प्रश्नावर लक्षावधी माणसांचे जगणे-मरणे अवलंबून आहे, त्या प्रश्नाची चर्चा दिल्लीतील तज्ज्ञांनी करावी आणि नशिराबादच्या शेतकऱ्याने, सिमेंट कारखान्यातील कामगाराने केवळ टाळ्या वाजवाव्यात, अशी ही वाटणी आहे. लोकशाही समाजवाद मानणाऱ्या कोणत्याही पक्षाला ती मान्य होण्यासारखी नाही.

सरावाची यादी सर्वांना माहीत झाली. तिच्यापेक्षा अधिक मोलाची एक यादी मात्र गेली तीन तपे दरवर्षी तयार होते आणि तिची वार्ता वृत्तपत्राच्या कोपऱ्यात चार ओळींत संपते. प्रत्येक वर्षी १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद येथे एकाच वेळी भारत व पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांची यादी, अक्षांश-रेखांशांसह, एकमेकांच्या स्वाधीन करतात. १ जानेवारी १९९२ रोजी ही देवाणघेवाण प्रथम झाली आणि १ जानेवारी २०२६ रोजी ती पस्तिसाव्यांदा झाली. मधल्या काळात कारगिलचे युद्ध झाले, संसदेवरील हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये दोन्ही सैन्ये महिनोन् महिने समोरासमोर उभी राहिली, मुंबईवर २००८ चा हल्ला झाला, पुलवामा व बालाकोट झाले, पहलगाम झाले. यातील एकाही वर्षी ती यादी चुकली नाही.

या परंपरेचा उगम कोणत्याही सद्भावनेत नाही. जून १९८१ मध्ये इस्रायलच्या विमानांनी इराकची ओसिराक ही अणुभट्टी उद्ध्वस्त केली. त्यानंतर भारत कहुटाच्या पाकिस्तानी केंद्रावर तसाच हल्ला करील, आणि पाकिस्तान त्याचा बदला ट्रॉम्बे किंवा तारापूरवर घेईल, ही भीती दोन्ही राजधान्यांत बळावली. अणुकेंद्र फुटले तर त्याचा विषारी वारा सीमारेषेवर पारपत्र दाखवायला थांबत नाही, हे शहाणपण त्या भीतीतून आले. डिसेंबर १९८५ मध्ये राजीव गांधी व जनरल झिया यांच्यात दिल्लीत तोंडी समझोता झाला. १९८६-८७ च्या हिवाळ्यात ‘ब्रासटॅक्स’ या लष्करी कवायतीने दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आणले. त्या अनुभवानंतर ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी व बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत इस्लामाबादला लेखी करार झाला आणि २७ जानेवारी १९९१ पासून तो अमलात आला. वीज व संशोधनासाठीच्या अणुभट्ट्या, इंधन तयार करण्याचे, युरेनियम समृद्ध करण्याचे आणि वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करण्याचे कारखाने यांवर हल्ला करावयाचा नाही, हल्ल्याला साहाय्यही करावयाचे नाही, एवढाच त्याचा आशय आहे. यादीतील नावे गुप्त राहतात. परंतु कराराच्या व्याख्येनुसार तारापूर आणि ट्रॉम्बे त्यात येतात, हे उघड आहे.

मे २०२५ मध्ये या कागदाची कसोटी लागली. पाकिस्तानातील किराणा हिल्स या टेकड्यांवर, जेथे अण्वस्त्रांचा साठा असल्याचे बोलले जाते, भारताने बाँब टाकल्याची अफवा पसरली. भारतीय हवाई दलाच्या प्रवक्त्यांनी १२ मे रोजी जाहीर पत्रकार परिषदेत तिचा इन्कार केला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही पाकिस्तानातील कोणत्याही अणुकेंद्रातून किरणोत्सर्ग झाला नसल्याचे सांगितले. सिंधू पाणीवाटपाचा १९६० चा करार त्यापूर्वीच, २३ एप्रिल रोजी, स्थगित झाला होता. सिमला करार स्थगित ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे पाकिस्तानने त्याच्या दुसऱ्या दिवशी बजावले होते. १९८८ च्या करारावर मात्र दोघांपैकी कोणीही पाणी सोडले नाही. मैत्रीसाठी केलेले करार मोडकळीस येतात आणि शत्रुत्व गृहीत धरून केलेला करार टिकतो, ही घटना कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. शेजारी चांगला आहे म्हणून कोणी बांध घालत नाही. बांध असतो म्हणून वाईट शेजाऱ्याबरोबरही शेती करता येते.

येथे एका आक्षेपाचे उत्तर देणे आवश्यक आहे. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. अशा कृत्यांना आश्रय देणाऱ्या सत्तेशी बोलणी कसली करायची, असे विचारले जाते. हा प्रश्न विचारणारा माणूस युद्धखोर असतो असे नाही. तो बहुधा दुखावलेला, संतापलेला सामान्य नागरिक असतो, आणि त्याची हेटाळणी करणाऱ्या शांतिवादाचा जनतेशी संबंध उरत नाही. पाकिस्तानच्या लष्करशाहीने धर्मांध टोळ्यांना पोसले, तेथील लोकशाहीचा गळा वारंवार घोटला, याबद्दल समाजवाद्यांनी कधी संदिग्ध राहता कामा नये. परंतु त्याच नागरिकाला दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. मे १९९८ मध्ये पोखरणला आणि पाठोपाठ चगाईला स्फोट झाले, तेव्हा यापुढे कोणी आगळीक करणार नाही असे सांगण्यात आले होते. पुढच्याच वर्षी कारगिल झाले. बाँबने संसदेवरचा हल्ला रोखला नाही, मुंबईवरचा रोखला नाही, पुलवामा आणि पहलगाम रोखले नाही. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये भारताकडे १८० आणि पाकिस्तानकडे १७० अण्वस्त्रे होती. एवढ्या साठ्याने दहशतवादी थांबत नसेल, तर त्याने नेमके साधले काय? साधले एवढेच, की प्रत्येक दहशतवादी कृत्यानंतर दोन्ही देश एक पायरी अधिक वर चढतात आणि खाली उतरण्याची शिडी दुसऱ्या कोणाच्या हाती जाते. शस्त्रसंधीचे श्रेय अमेरिकेच्या अध्यक्षांनी पुन्हा पुन्हा घेतले, दिल्लीने ते पुन्हा पुन्हा नाकारले. १० मेच्या दुपारी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी भारतीय महासंचालकांना दूरध्वनी केला आणि त्यावर गोळीबार थांबला, हे भारत सरकारचेच निवेदन आहे. म्हणजे शेवटी बोलावे लागलेच. प्रश्न एवढाच, की बोलणे प्रेते मोजल्यानंतर करायचे की आधी.

या बाबतीत समाजवादी चळवळीने स्वतःचा इतिहासही झाकून ठेवू नये. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला. भुसावळसारखी रेल्वेच्या जिवावर उभी असलेली गावे त्या संपाने ढवळून निघाली. संपाच्या अकराव्या दिवशी, १८ मे रोजी, पोखरणला पहिला अणुस्फोट झाला आणि देशाचे लक्ष एका दिवसात वळले. हजारो रेल्वे कामगार तुरुंगात असताना देश राष्ट्रगौरवाच्या आनंदात न्हाऊन निघाला. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. बाँबचा पहिला आवाज कामगाराच्या आवाजावर पडला, हे भुसावळने तेव्हाच अनुभवले आहे. त्यानंतर चोवीस वर्षांनी पोखरणला दुसऱ्यांदा स्फोट झाले तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होते तेच जॉर्ज फर्नांडिस. व्यक्तीवर दोषारोप करून या विसंगतीतून सुटका होणार नाही. सुरक्षेच्या प्रश्नावर स्वतःचे स्वतंत्र धोरण नसलेली चळवळ सत्तेच्या जवळ जाताच सत्तेचे धोरण स्वीकारते, हा त्यातील धडा आहे. एरवी ‘युद्ध नको’ असे म्हणायचे आणि तोफ धडाडली की गप्प बसायचे, याला धोरण म्हणत नाहीत.

धोरणाची सामग्री या चळवळीच्या परंपरेत आहे. विसाव्या शतकाने गांधी आणि अणुबाँब या दोन नव्या गोष्टी जगाला दिल्या आणि त्यांतील एकीचा जय झाल्याखेरीज राहणार नाही, अशी डॉ. लोहियांची मांडणी होती. तेच लोहिया शेजाऱ्याचा विचार अतिशय व्यवहारी पद्धतीने करीत. १२ एप्रिल १९६४ रोजी त्यांनी भारत-पाक महासंघाचा पुरस्कार करणारे संयुक्त निवेदन काढले, आणि त्यावर त्यांच्यासह सही होती ती जनसंघाच्या दीनदयाळ उपाध्याय यांची. आज पाकिस्तानशी बोलणीच नकोत असे सांगणाऱ्यांना त्यांच्याच आद्य पुरुषाची ही सही दाखवली पाहिजे. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरला बसने गेलेले पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी होते. त्या भेटीतील सामंजस्य करारात क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना देण्याचे, अपघाताची माहिती कळवण्याचे आणि परस्परांच्या अण्वस्त्र-धोरणांवर विचारविनिमय करण्याचे कलम होते. कारगिलनंतरही तो धागा तुटला नाही. त्यातूनच २००५ चा क्षेपणास्त्र पूर्वसूचनेचा आणि २००७ चा अण्वस्त्र-अपघातासंबंधीचा असे दोन करार झाले.

आज गरज आहे ती याच धाग्याचे सूत पुढे काढण्याची, कारण त्याला जागोजाग भोके आहेत. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटक नव्हते, माणूस दगावला नाही, आणि पाकिस्ताननेही संयम राखला. भारताने दोन दिवसांनी चूक कबूल केली. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. २००५ चा करार फक्त प्रक्षेपी, म्हणजे बॅलिस्टिक, क्षेपणास्त्रांपुरता आहे. ब्रह्मोस हे क्रूझ जातीचे असल्याने त्या जातीच्या चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचे बंधनच कोणावर नाही. शांततेच्या दिवसात जे चुकून घडले ते मे २०२५ च्या एखाद्या रात्री घडले असते, तर चौकशी समिती नेमायला कोण उरले असते?

करार विस्तारण्याची मागणी स्वप्नाळू आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला १९९४ ची आठवण द्यावी. त्या वर्षीच्या जानेवारीत खुद्द भारत सरकारने पाकिस्तानला दिलेल्या प्रस्तावांत, अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार वाढवून तो लोकवस्तीच्या आणि आर्थिक महत्त्वाच्या ठिकाणांना लागू करावा, असे सुचवले होते. पाकिस्तानने ते स्वीकारले नाही. २०१६ मध्ये अणुचाचणी न करण्याचा द्विपक्षीय करार करावा असे पाकिस्तानने सुचवले. त्यातूनही पुढे काही निघाले नाही. दोन्ही बाजूंनी आलेले हे प्रस्ताव दप्तरात पडून आहेत. लोकवस्ती व आर्थिक केंद्रे याचा अर्थ खानदेशच्या भाषेत दीपनगर, भुसावळचे यार्ड आणि तापीवरचे हतनूर धरण असा होतो. पलीकडच्या भाषेत मंगला व तरबेला ही धरणे, कराची आणि लाहोर असा होतो. चीनशी तर असा अणुकेंद्रांचा करारच नाही. गलवानला जून २०२० मध्ये वीस भारतीय जवान गमावल्यानंतरही तो विषय सार्वजनिक चर्चेत येत नाही, हे अधिकच चिंताजनक आहे.

१ जानेवारीला आणखीही एक यादी दिली-घेतली जाते, आणि ती अणुभट्टीच्या यादीइतकीच महत्त्वाची आहे. २००८ च्या करारानुसार वर्षातून दोनदा दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतील परक्या कैद्यांची नावे कळवतात. १ जानेवारी २०२६ च्या यादीप्रमाणे भारतीय किंवा भारतीय मानले जाणारे १९९ मच्छीमार पाकिस्तानच्या तुरुंगात होते, आणि पाकिस्तानचे ३३ मच्छीमार भारताच्या. सर क्रीकची हद्द ठरलेली नाही, समुद्रावर रेघ ओढलेली नाही, आणि माशांच्या मागे गेलेली बोट पकडली जाते. त्या बोटी बहुतांशी गुजरातच्या असल्या तरी त्यांवर खलाशी म्हणून राबणाऱ्यांत पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावरील आदिवासी तरुणही असतात. तारापूर त्याच जिल्ह्यात आहे. अणुभट्टीच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे त्याच जिल्ह्यात उठवली गेली. म्हणजे एकाच दिवशी पालघरची अणुभट्टी एका यादीतून पाकिस्तानात जाते आणि पालघरचा खलाशी दुसऱ्या यादीतून पाकिस्तानातून कळतो. भट्टीला कोणी हात लावणार नाही असे वचन आहे. शिक्षा भोगून संपलेल्या खलाशाला मात्र घरी पोहोचवण्याचे निश्चित वचन नाही. कैद्यांसाठी नेमलेल्या दोन्ही देशांच्या माजी न्यायमूर्तींच्या समितीचा शेवटचा दौरा ऑक्टोबर २०१३ मध्ये झाला. दगड-लोखंडाला जे संरक्षण मिळते ते माणसाला मिळू नये, ही राज्यसंस्थेच्या मनातील मूल्यांची उतरंड आहे, आणि ती उलटी करणे हेच समाजवाद्यांचे काम आहे.

खानदेशाला या शत्रुत्वाची किंमत दुसऱ्या मार्गानेही मोजावी लागते. पाकिस्तानच्या सूतगिरण्या एकेकाळी भारतीय कापसाच्या मोठ्या गिऱ्हाईक होत्या. २०१९ मध्ये व्यापार बंद पडला. ३१ मार्च २०२१ रोजी पाकिस्तानच्या आर्थिक समितीने भारतातून कापूस व साखर आणण्यास मान्यता दिली आणि दुसऱ्याच दिवशी तेथील मंत्रिमंडळाने ती रद्द केली. एका रात्रीत उघडलेले आणि मिटलेले ते दार जळगाव-धुळ्याच्या कापूस उत्पादकाच्या भावाशी निगडित होते, याची चर्चा बाजार समितीत झाली नाही. उलट, बोलण्याने काय साधते याचाही दाखला या भागाजवळ आहे. सप्टेंबर २०१६ च्या लक्ष्यभेदी कारवाईच्या सुमारास धुळे जिल्ह्यातील एक जवान ताबारेषा ओलांडून गेला आणि पकडला गेला. तेव्हाच्या तापलेल्या वातावरणातही दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांत बोलणी चालू राहिली आणि जानेवारी २०१७ मध्ये तो वाघा सीमेवरून परत आला. त्याला परत आणले ते तोफेने नव्हे, दूरध्वनीने.

शांततेची भाषा बोलताना वरणगाव-भुसावळच्या निर्माणी कामगारांच्या पोटावर पाय येतो अशी शंका काही कार्यकर्त्यांना वाटते. ती निराधार आहे. त्या कामगारांच्या पोटावर पाय दिला तो शांततावाद्यांनी नव्हे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ निर्माण्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. वरणगाव एका कंपनीत आणि भुसावळ दुसरीत गेले. कामगारांनी संपाची भाषा करताच सरकारने अध्यादेश व मागोमाग कायदा करून संपावर बंदी घातली. देशभक्तीचा जयघोष करणाऱ्या सरकारने देशाचा दारूगोळा करणाऱ्या हातांना असे वागवले. देशाचे रास्त संरक्षण आणि कामगाराचा हक्क यांत विरोध नाही. विरोध आहे तो बेसुमार शस्त्रस्पर्धा आणि या दोहोंत.

यास्तव कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. १९८८ चा करार लोकवस्ती, धरणे व वीज केंद्रे यांना लागू व्हावा. क्षेपणास्त्राच्या पूर्वसूचनेत सर्व जाती याव्यात. अणुचाचणी बंदीचा एकतर्फी शब्द उभयपक्षी करारात उतरावा. प्रथम वापर न करण्याच्या २००३ च्या धोरणापासून भारताने तसूभरही मागे येऊ नये. न्यायमूर्तींची समिती पुन्हा बसावी आणि शिक्षा संपलेला प्रत्येक मच्छीमार आपल्या घरी जावा: एवढ्या पाच मागण्या घेऊन गावोगाव बैठका घेता येतील. नशिराबादसारख्या गावी, जेथे हिंदू-मुसलमान पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत आले आहेत आणि सीमेवर तणाव वाढला की गावातल्या शेजाराकडेही संशयाने पाहायला शिकवले जाते, तेथे या बैठकांचे महत्त्व दुहेरी आहे. भुसावळच्या रेल्वे कामगाराला १९७४ सांगता येईल, कापूस उत्पादकाला २०२१ सांगता येईल, निर्माणीतल्या कामगाराला त्याच्या हिरावलेल्या संपाची आठवण देता येईल. परराष्ट्र धोरण हा विषय त्यांच्या कुवतीबाहेरचा नाही. ते त्याची किंमत आजवर मोजतच आले आहेत.

पुढच्या १ जानेवारीला पुन्हा दोन लखोटे इकडून तिकडे जातील. त्या दिवशी वृत्तपत्राच्या कोपऱ्यातील त्या चार ओळी कात्रण करून प्रत्येक शाखेच्या फलकावर लावाव्यात आणि त्याखाली एकच प्रश्न लिहावा: या यादीत तारापूरची अणुभट्टी आहे, मग भुसावळची माणसे का नाहीत?